पपईचा चीक आणि पाण्यातील रसायन
शहादा तालुक्यात पपईची चर्चा निघाली की ती भावावर येऊन थांबते. परंतु कच्च्या फळाला चिरा दिल्यावर जो पांढरा चीक पाझरतो, त्यातील पपेन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते, इतकेच नव्हे, तर अनुकूल परिस्थितीत प्रथिनांतल्यासारखे सांधे जुळवितेही, हे बर्गमन आणि फ्रेंकेल-कॉनराट या रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ सालीच दाखविले होते. अशा सांध्यांनी जुळलेल्या अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या म्हणजे पेप्टाइडे. त्यांत परस्परांना चिकटणारी आम्ले कोठे आणि पाण्याशी सख्य राखणारी कोठे, हे नेमके योजिले, तर ती पाण्यातून सूक्ष्म थेंबांच्या रूपाने वेगळी निघतात. थेंबाला पडदा नसतो, तरी विखुरलेले अभिकारक त्यात एकवटतात आणि बाहेर रेंगाळणारी अभिक्रिया आत वेग घेऊ शकते. क्षार वा आम्लता बदलली की थेंब विरतो, म्हणजे अभिक्रियेची लगाम आपल्या हाती राहते. रशियन जीवरसायनशास्त्रज्ञ ओपारिन यांनी १९३६ च्या ग्रंथात असल्याच थेंबांत जीवसृष्टीचे पूर्वरूप पाहिले होते.

सेंद्रिय द्रावकांची पिंपे ओतून औषधे घडविण्याचा शिरस्ता पाण्यातील या थेंबांमुळे उद्याच मोडेल असे नाही. थेंब एकमेकांत मिसळून जातात, ही अडचण किरकोळ नव्हे. तथापि सूक्ष्मदर्शक, क्षारांची द्रावणे आणि थोडे पेप्टाइड एवढ्यावर पहिला प्रयोग उभा राहत असताना, १९५० पासून पुण्यात कार्यरत असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने थेंबांवरील अशा संशोधनाचा काही हिस्सा शहाद्याच्या महाविद्यालयाकडे सोपवावा आणि जिल्हा नियोजनाच्या रकमेतून त्याची कायम तजवीज व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.