पथ्य की उपास?

गेल्या पावसाळ्यात बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणारा माणूस यंदा खाटेवरून उठताना दोन्ही हात टेकतो. दंडावरचा गंडा घसरून कोपराशी आलेला. काट्यावर मात्र वजन तेवढेच, कारण पोटात पाणी भरले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत अशा माणसाला सल्ला ठरलेला: पडून राहा, तेल बंद, हळद बंद, डाळ जड पडते, पेज पी. यकृताचा जुना आजार माणसाला खंगवतो खरा, पण त्यात या पथ्याचाही हात आहे.

धडधाकट यकृत रात्रीपुरती साखर साठवून ठेवते. सिरॉसिसने घट्ट झालेल्या यकृताला ते जमत नाही, मग शरीर स्वतःचेच स्नायू जाळते. अशा रुग्णाची उपाशी रात्र म्हणजे निरोगी माणसाचे दोन-तीन दिवसांचे उपास. आपल्याकडे दिवेलागणीला जेवण, पुढचा घास सकाळी नऊला! न्यूझीलंडमधल्या २००८च्या एका अभ्यासात एकच पूरक आहार काही रुग्णांना दिवसा, काहींना रात्री असा वर्षभर दिला. रात्री घेणाऱ्यांच्या अंगावर मांस धरले, दिवसा घेणाऱ्यांच्या नाही. डाळ तोडण्याचा जुना नियमही वैद्यकाने केव्हाच सोडला. आता वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सांगतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. पेजेत ती कुठून येणार? घट्ट वरण, अंडी, बोडीतले ताजे मासे हवेत आणि निजण्यापूर्वी दूध-भाकर किंवा बिनमिठाचे फुटाणे. सुकट तेवढी नको, तिच्यातले मीठ पोटातले पाणी वाढवते.

आणि चालायला हवे. आधी पारापर्यंत, मग बोडीच्या पाळीपर्यंत. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून पाहायचे. धानाचे पोते मात्र उचलायचे नाही. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा जोर लावल्याने फुटू शकतात, तेव्हा किती श्रम करायचे ते डॉक्टरांना विचारूनच. दारूचा थेंब चालू असेल तर हे सारे मातीत. अर्थात बाटलीला कधी न शिवलेल्यांचे यकृतही ‘बी’ काविळीने झिजते.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ला आली आणि २०२१मध्ये उठली. उठवताना महसुलाची चर्चा पोटभर झाली. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकार महिन्याला १,००० रुपये देते, ते योग्यच. यकृताच्या रुग्णाच्या वाट्याला रेशनचा तांदूळ. चंद्रपूरच्या दारूच्या करातून त्याच्यासाठी महिन्याला दोन किलो तूरडाळ काढायला नेमकी कोणाची हरकत आहे?