नाव बदलल्याने वसाहत संपत नाही

१९५१ साली सालाझारच्या पोर्तुगालने राज्यघटनेत दुरुस्ती करून गोव्यासह आपल्या सर्व वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. वसाहतच उरली नाही, तर मुक्त कोणाला करायचे, असा तो युक्तिवाद होता. डॉ. लोहियांनी १९४६ साली मडगावात ज्या राजवटीला आव्हान दिले, तिची ही चलाखी गोव्यात १९६१ साली संपली. फ्रान्समध्ये मात्र ती अधिक सभ्य वेषात आजही चालू आहे.

१९४६ च्या कायद्याने मार्टिनिक, ग्वादलूप, रियुनियन व फ्रेंच गयाना यांना फ्रान्सच्या जिल्ह्यांचा दर्जा मिळाला. हा कायदा संसदेत मांडणाऱ्या कवी एमे सेझेर यांची अपेक्षा समतेची होती. प्रत्यक्षात काय घडले? केळीच्या बागांत फवारले जाणारे क्लोरडेकोन हे विषारी कीटकनाशक फ्रान्सने १९९० साली बंद केले; पण मार्टिनिक व ग्वादलूपमधील बागायतदारांना १९९३ पर्यंत सवलत दिली. तेथील माती आणि पाणी आजही त्याची किंमत मोजत आहेत. २००९ साली महागाईविरुद्ध ग्वादलूपच्या कष्टकऱ्यांनी ४४ दिवस संप केला, तो याच विषमतेपोटी.

प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया फ्रान्सने १८५३ साली बळकावले. तेथे निकेलचे प्रचंड साठे आहेत. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर २०१८ साली ५६.७ टक्के व २०२० साली ५३.३ टक्के मतदारांनी फ्रान्सच्या बाजूने कौल दिला. २०२१ साली कोविडच्या साथीत मृतांचा शोक पाळणाऱ्या मूळ कनाक समाजाने तिसरे मतदान पुढे ढकलण्याची मागणी केली. ती धुडकावली गेली, बहिष्कार पडला. अवघ्या ४४ टक्के मतदानातून निघालेल्या ९६ टक्क्यांच्या कौलाला पॅरिसने निर्णायक ठरविले! २०२४ साली नवागतांना मताधिकार देऊन कनाकांना आणखी अल्पमतात ढकलण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बेट पेटले आणि डझनभराहून अधिक माणसे बळी गेली.

बेटांवरील अनेकांना फ्रान्समध्येच राहायचे आहे, हे खरे. पहिल्या दोन कौलांचा मान राखलाच पाहिजे. समाजवाद्यांचा आग्रह कोणावर स्वातंत्र्य लादण्याचा नाही. राहायचे की जायचे, हे तेथील जनतेने निर्भयपणे ठरवावे. आणि राहिल्यास तिच्या जिवाचे मोल मुख्यभूमीवरील नागरिकाइतकेच असावे. या दोन्ही गोष्टी नाकारणारी सत्ता कोणतेही नाव धारण करो, ती वसाहतवादीच होय.