कापडाला ऊन बाधत नाही, माणसाला बाधते

16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक भर उन्हात उघड्यावर बसले होते. उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. त्यानंतर दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर कार्यक्रम नकोत, असे सरकारच्या वतीने जाहीर झाले. ते योग्यच झाले. परंतु त्याच खारघरच्या रस्त्यांवर, त्याच 12 ते 5 या वेळेत दुकानांसमोर टेम्पो उभे असतात आणि हमाल गाठी उतरवीत असतात. त्यांचा विचार कोणी करायचा? आमचे स्पष्ट मत आहे की, तो आपण व्यापाऱ्यांनीच केला पाहिजे.

आपल्याकडे पारा विदर्भाइतका चढत नाही, म्हणून उन्हाचे कोणी फारसे मनावर घेत नाही. हा गैरसमज आहे. हवामान खाते मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, पण किनारपट्टीसाठी हीच मर्यादा 37 अंश आहे. आपली हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यातून बहुतेक मालट्रकांचे इंजिन केबिनच्या खालीच असते. वरून पत्रा तापतो, खालून इंजिन तापते. बंद कंटेनरच्या आत शिरून तागे काढणाऱ्या हमालाला तर वाऱ्याची झुळूकही मिळत नाही.

केंद्र सरकारने 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे केले आहे. नियम चांगला आहे, पण तो एकूण वजन साडेतीन टनांवर असलेल्या नव्या गाड्यांना लागू आहे. रस्त्यावरच्या जुन्या ट्रकांना तो नाही आणि गल्लीबोळात माल पोहोचवणाऱ्या ‘छोटा हत्ती’लाही नाही. आपला माल तर बहुतांशी अशाच गाड्यांतून येतो. म्हणजे कायद्याचा गारवा आपल्या दुकानाच्या दारापर्यंत पोहोचायला बरीच वर्षे लागतील.

तोपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे, ती म्हणजे वेळ. वाशीच्या बाजारात भाजीच्या गाड्या रात्रीच येतात, कारण भाजी उन्हात नासते. कापड नासत नाही, म्हणून ते खुशाल दुपारी मागवले जाते. भिवंडीहून सकाळी उशिरा गाडी भरायची, मुंब्रा बायपास आणि शिळफाट्याच्या कोंडीत ती अडकायची, मग तळोजामार्गे ऐन दुपारी खारघर गाठायचे, हा आपल्या बाजाराचा रिवाज झाला आहे. माल नासत नाही हे खरे, पण तो आणणाऱ्या माणसाचे काय?

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराईचा आणि जूनच्या शाळांसाठी गणवेशाच्या कापडाचा हंगाम. काही बांधव म्हणतील, अशा धावपळीत वेळा पाळणे परवडत नाही. आम्ही उलट विचारतो, चक्कर आलेल्या ड्रायव्हरच्या हातून गाडी उलटली तर ते परवडते का? शिवाय यात खर्च कितीसा आहे? गाडी पहाटे निघाली तर कोंडी कमी लागते, डिझेल वाचते आणि माल दुकान उघडताना हजर असतो.

आमच्या सूचना साध्या आहेत. उन्हाळ्याचे तीन महिने माल सकाळी 10 च्या आत किंवा संध्याकाळी 5 नंतर उतरवून घ्यावा. त्यासाठी शटर लवकर उघडायला दुकानातील एका माणसाची पाळी लावावी. गाडी दुपारी पोहोचलीच तर ती सावलीला लावू द्यावी आणि थांबल्याबद्दल भाडे कापू नये. दुकानात पाण्याचा माठ असतोच, ड्रायव्हर, क्लीनर व हमाल यांना तो मोकळा ठेवावा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की जीवनजल तयार होते. माणूस बरळू लागला, अंग फार तापले, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि ताबडतोब 108 ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

आपल्या रायगड-रत्नागिरीच्या मोहल्ल्यांतून घरटी कोणी ना कोणी आखातात कामाला गेलेला आहे. संयुक्त अरब अमिरातीत दरवर्षी 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हातले काम कायद्याने बंद असते. आपला मुलगा तिथे त्या वेळेत सावलीत बसतो, याचे आपल्याला समाधान वाटते. मग आपल्या दारात गाठी उतरवणारा हमालही कोणाचा तरी मुलगा आहे, हे विसरून कसे चालेल?

एकट्या दुकानदाराने वेळ बदलली तर वाहतूकदार ऐकणार नाही. मात्र एका रस्त्यावरच्या दहा दुकानदारांनी मिळून ठरवले तर त्याला ऐकावेच लागेल. मार्च संपण्यापूर्वी आपापल्या बाजारात अशी बैठक घ्यावी, एवढीच व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे.