‘घरी कोण काय करते?’

दिल्लीतील एका महाविद्यालयाने मला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती घेण्यासाठी बोलावले होते. परीक्षक आम्ही तिघे, प्रत्येक उमेदवाराला दहा मिनिटे. बिहारमधील पूर्णिया जिल्ह्यातून आलेल्या एका मुलाला मी महागाईबद्दल विचारले. त्याने डाळीच्या भावापासून सुरुवात करून उत्तर व्याजदरापर्यंत नीट नेले. मग माझ्या शेजारी बसलेल्या, खासगी कंपनीत अनेक वर्षे भरतीचे काम केलेल्या गृहस्थांनी सहज विचारले, ‘घरी कोण काय करते?’ मुलगा थबकला. ‘वडिलांचा व्यवसाय आहे,’ एवढेच पुटपुटला. वडील लुधियानात मजुरी करतात, हे मला नंतर कळले. त्या प्रश्नानंतरचे त्याचे प्रत्येक उत्तर अडखळत आले. शेरा पडला : आत्मविश्वास कमी.

त्या शेऱ्याखाली माझीही सही आहे.

नोकरी शोधणाऱ्याची आजची अवस्था सरासरीच्या आकड्यात दिसत नाही. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता; १५ ते २९ वयोगटात मात्र तो १०.२ टक्के. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ च्या अहवालातील आकडे अधिक बोलके आहेत. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांत २९.१ टक्के होती. निरक्षराला काम सहज मिळते, असा याचा अर्थ नव्हे. त्याला रिकामे बसणे परवडत नाही, एवढाच तो अर्थ. पदवीधराच्या घराने मात्र त्याच्या वाट पाहण्यासाठी पोटाला चिमटा काढलेला असतो. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कालिना येथे विमानतळावरील सामान चढवण्या-उतरवण्याच्या सुमारे २,२०० जागांसाठी हजारो तरुण लोटले आणि चेंगराचेंगरीची वेळ आली. त्या रांगेत पदवीधरही होते.

अशा गर्दीत मुलाखतीचा अर्थच बदलतो. एका जागेसाठी दहा जण असतील, तर मालक काम कोणाला येते हे पाहतो. हजार असतील, तर कोणाला वगळता येईल हे पाहतो. वगळण्यासाठी निमित्त लागते, आणि सर्वांत स्वस्त निमित्ते म्हणजे उच्चार, कपडे, आडनाव आणि बापाचा धंदा.

हा केवळ माझा ग्रह नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. अर्जदारांची पात्रता सारखी. फरक फक्त नावात. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याचे गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७, तर मुस्लिम नावासाठी ०.३३ निघाले. हा निबंध २००७ चा आहे. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले. आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो, असे ते सांगत. आणि कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र विचारावीच लागते, असेही सांगत. या दोन वाक्यांत विसंगती आहे, असे त्यांना वाटत नव्हते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनाही वाटले नाही. माणूस सज्जन होता.

सरकारी भरतीत या धोक्याची दखल फार पूर्वी घेतली गेली. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासाठी १५० पैकी ५० गुण तोंडी परीक्षेला होते आणि ती दोन-तीन मिनिटांत उरकली जात होती. अजय हासिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला देणे मनमानी ठरवले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद झाली. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतही २,०२५ पैकी २७५ गुणच व्यक्तिमत्त्व चाचणीला आहेत.

मुलाखत गेली म्हणून अन्याय गेला, असेही नाही. सारा भार लेखी परीक्षेवर पडला आणि प्रश्नपत्रिकेलाच बाजारभाव आला. उत्तर प्रदेश पोलीस शिपायांच्या ६०,२४४ जागांसाठी सुमारे ४८ लाख अर्ज होते. फेब्रुवारी २०२४ ची ती परीक्षा पेपर फुटल्याने रद्द करावी लागली. शिवाय शिक्षक किंवा विक्री प्रतिनिधी नेमताना बोलून पाहण्याला पर्याय नाही, हे मला मान्य आहे.

प्रश्न आहे तो खासगी नोकरीचा, जिथे राज्यघटनेचे सोळावे कलम पोहोचत नाही. तिथे कोणाला का नाकारले, याची नोंद ठेवण्याचे बंधन नाही. बाजार भांडवलाने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार आपल्या कर्मचाऱ्यांत स्त्रिया किती हे जाहीर करावे लागते. अर्ज किती आले, मुलाखतीला कोण पोहोचले आणि कोण निवडले गेले, हेही त्याच अहवालात मागता येईल. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत तर सरकारचा पैसा आहे. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना ५०० मोठ्या कंपन्यांत अनुभव देण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. सर्वांना तेच प्रश्न, प्रत्येक उत्तराला लेखी गुण आणि घरादाराबद्दल चौकशी नाही, एवढ्या अटी तिथे घालायला नवा कायदा लागत नाही. कंपन्या कुरकुर करतील. करू द्याव्यात.

तोवर मुलाखतीची तयारी करून देणाऱ्या वर्गांचा धंदा तेजीत राहणार. तीन महिन्यांत इंग्रजी, हस्तांदोलन आणि ‘स्वतःविषयी सांगा’चे पाठ उत्तर. मजूर बापाचा ‘छोटा व्यावसायिक’ कसा करायचा, हेही शुल्कातच.

यंदा त्या महाविद्यालयाने प्रश्नांची यादी आधीच पाठवली. चौथा प्रश्न तोच होता. मी तो खोडून यादी परत केली. दुसऱ्या दिवशी तिथल्या प्राध्यापिकेचा फोन आला. ‘सर, तुमचं पटतं. पण कंपन्या तर विचारणारच ना? आम्ही सराव करून घेतला नाही, तर आमची मुलं तिथे जाऊन थबकतील.’ मी प्रश्न पुन्हा घालायला होकार दिला.