खुराड्यातली विंटर शिफ्ट

सीन असा. डिसेंबर २०२४, रविवारची सकाळ, बदलापूरला मावशीचं बैठं घर. मागच्या अंगणात सहा गावठी कोंबड्या, एक कोंबडा आणि रिकामी टोपली. दिवाळीपासून चार जणींनी एक अंडं दिलं असेल तर शपथ! चहा गाळता गाळता मावशीने निकाल जाहीर केला, "मार्गशीर्ष संपू दे. शेवटचा गुरुवार झाला की चौघींना कापते. फुकटचे दाणे कुठवर घालू?"

मी चाट. त्यातली तुरेवाली माझी फेव्हरेट आहे, बॉस! "अगं मावशी, थोडं थांब ना," म्हणत मी फोन काढला आणि एका पशुवैद्य मित्राचं डोकं खाल्लं.

फंडा असा की कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. आणि तो उजेड मोजायला तिला डोळेसुद्धा लागत नाहीत! तो कवटीतून झिरपून थेट मेंदूत पोचतो. १९३० च्या दशकात जाक बन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे बदकांवर दाखवलं होतं. आंधळ्या बदकांनाही दिवस लांबल्याचं कळत होतं. दिवस मोठा झाला की मेंदू हार्मोन्स सोडतो, अंडाशय कामाला लागतं. दिवस आखडला की काम बंद, पिल्लं वाढवायचा हा सीझन नाही! लेअर फार्मवाले शेडमध्ये दिवे लावून साधारण सोळा तासांचा दिवस करतात. त्यामुळे आपल्या नाक्यावरच्या बुर्जीला हिवाळा ठाऊकच नसतो.

पण मला एक पटेना. आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला सगळ्यात लहान अकराचा. लंडनमध्ये तो आठ तासांचाही नसतो. तिथल्या कोंबड्यांनी संप केला तर समजू शकते. पण बदलापुरात?

मित्राने विचारलं, "पिसं झडली होती का?" मावशी म्हणाली, "दिवाळीत अंगणभर पिसंच पिसं." घ्या! दिवस लहान होऊ लागला की कोंबड्या जुनी पिसं टाकून नवी घालतात. पीस म्हणजे बहुतेक प्रोटीनच. खाल्लेलं सगळं नव्या ड्रेसवर खर्च, अंड्याला उरणार काय? त्यात एक जण खुडूक बसलेली. गावठी कोंबडी तशीही दहा-पंधरा अंडी दिली की सुट्टी टाकते.

पुढचा प्रश्न होता, "कोंडता किती वाजता?" आणि इथे केस फुटली. मांजराच्या भीतीने मावशी संध्याकाळी पाचलाच त्यांना खुराड्यात घालायची आणि सकाळी आठला सोडायची. खुराडं पत्र्याचं, फट नाही. म्हणजे बाहेर दिवस अकरा तासांचा आणि आत नऊचा! मावशीने स्वतःच्या हाताने बदलापूरचं लंडन केलं होतं. तिकडे अंबरनाथच्या मामीच्या कोंबड्या मात्र अंडी देत होत्या. त्यांचं खुराडं जाळीचं, शेजारच्या वर्कशॉपचा दिवा उशिरापर्यंत अंगावर.

मग उल्हासनगर गाठलं. कॅम्प तीनच्या बाजारात घासाघीस करून एक टायमर आणि पिवळ्या उजेडाचा छोटा एलईडी घेतला. पेपर वाचता येईल एवढा उजेड पुरे. दिवा पहाटे लावायचा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी तो फटकन विझला तर कोंबड्या काळोखात जिथल्या तिथे अडकतात, दांडीवर चढता येत नाही. दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत चौदा तासांवर थांबायचं. झोप त्यांनाही हवी. शिवाय शिंपल्यांचा चुरा, थोडी सुकट, आणि दार सूर्य मावळल्यावर बंद.

सगळं सेट. फक्त कोंबड्याचा विचार कुणीच केला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात दिवा पहाटे सव्वाचारला लागू लागला आणि हे महाशय चार वाजून सोळा मिनिटांनी सुरू!  शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात. आम्ही खरंच झाकलं, टोपलीखाली. उजाडायचं सोडा, त्याचं आरवायचंही राहिलं नाही.

२६ तारखेला शेवटचा गुरुवार झाला. अंडं नाही. पुढच्या रविवारीही नाही. मावशीने सुरी काढली तेव्हा मी पुन्हा फोन लावला. मित्र म्हणाला, नवी पिसं पुरी यायला अजून वेळ लागेल, धीर धरा. आणि जाता जाता म्हणाला, अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही, तो फक्त पिल्लांसाठी.

हे वाक्य मी मावशीला सांगायला नको होतं.

त्या रविवारी वडे आणि झणझणीत रस्सा होता. काकूंनाही डबा गेला. मी दोन वडे खाल्ले, खोटं कशाला बोलू.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तुरेवालीने पहिलं अंडं दिलं. मावशीने त्याचं आम्लेट करून माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "त्या दिव्याचं बिल तू भरणार ना गं?"