खुर्च्यांची बस

परवा माझी नात शाळेतून आली ती रोझा पार्क्स होऊनच. १ डिसेंबरला अलाबामात, मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये ती गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नव्हती, ते निमित्त साधून वर्गात ‘ॲक्टिव्हिटी’ झाली म्हणे. खुर्च्या मांडून बस केली, चिठ्ठ्या टाकून कोण काळं नि कोण गोरं ते ठरवलं, ही उठायला नाही म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसचं स्टिअरिंग थर्मोकोलचं होतं.

“आजोबा, ती दमली होती म्हणून उठली नाही ना?”

नाही गं बाई. ती काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेची चिटणीस होती आणि त्याच उन्हाळ्यात एका शिबिरात शिकून आली होती. हे मी सांगितलं, आणि महाडच्या चवदार तळ्याची ॲक्टिव्हिटी कधी आहे तेही विचारलं. “तो धडा आहे. पाठ करायचाय.”

लोणावळ्याहून घाट उतरलं की महाड काही फार लांब नाही. तरी आमच्या मास्तरांना अलाबामा जवळचं वाटतं, याचं मला आधी नवल वाटलं, मग वाटेनासं झालं. मॉन्टगोमेरीच्या बसवर ३८१ दिवस बहिष्कार चालला आणि कोर्टाचा निकालही तेवढ्यातच लागला. आपल्याकडे सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोल्यांचा ठराव १९२३चा, महाड नगरपालिकेचा १९२४चा. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं २० मार्च १९२७ला. मग गावाने शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरींनी तळं ‘शुद्ध’ केलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल आला तो १९३७ साली. ही चौदा वर्षं पस्तीस मिनिटांच्या तासात बसत नाहीत हे मान्य. पण एक गोष्ट बसते. तळ्यावर जाण्याआधी महाडला भरलेल्या परिषदेत जमलेल्यांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं होतं, चाळीस रुपयांचं. तळं शेजारी, ठराव खिशात आणि पाणी विकत! हे गणिताच्या सरांकडे द्या. खुर्च्या हलवायची गरज नाही.

खरी अडचण चिठ्ठ्यांची आहे. बसच्या खेळात चिठ्ठी उघडेपर्यंत आपण कोण हे कुणालाच माहीत नसतं, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की सगळे पुन्हा सारखे. महाडच्या खेळात चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, त्या हजेरीपटावर आधीच पडलेल्या असतात. अलाबामातलं आडनाव आपल्या वर्गात कुणाचंच नसतं, म्हणून अलाबामा सोयीचं.

मावळातल्या ज्या शाळेत मी शिकलो तिथे मागच्या बाकावरचा माझा दोस्त ओंजळ धरायचा आणि मी वरून पाणी ओतायचो. माठाला हात कोण लावणार हे कुणी शिकवलं नव्हतं, ते आम्हाला येतच होतं. वाईट एवढंच की मला त्यात मोठेपणा वाटायचा. ही ॲक्टिव्हिटी चार वर्षं रोज झाली, टाळ्यांशिवाय.

मागे फुले जयंतीच्या चार्टपेपरवर लिहिलं तेव्हा एका मुख्याध्यापकांनी फोनवर विचारलं होतं, मग आम्ही करायचं तरी काय? लोकलने देहूरोडला जायचं. २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथे स्वतः बसवली. मनुस्मृती महाडला जाळली तीही २५ डिसेंबरलाच, १९२७ साली. या योगायोगावर मुलांना वाद घालू द्यायचा. आमच्या लोणावळ्यात त्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता बंद असतो, पण लोकल सुरू असते.

मी नातीला नेणार होतो. पण त्याच दिवशी शाळेची सहल आहे, थीम पार्कला. तिथे जायला मात्र खरी बस ठरवली आहे.