घरबसल्या बघायचं, तर तिकीट कशाचं?

सुरुवातीलाच एक कबुली. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मराठीचा तास म्हणजे आठवड्यातून तीनदा डुलकी. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण हा विषय इंग्रजी सेक्शनमध्ये द्यायचा नव्हता, कारण याच्यावरची सगळी भांडणं आम्ही मराठीतच केलेली आहेत!

तर गोष्ट 2018 सालची. मी तेव्हा तेरा वर्षांची, दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला मावशीकडे गेले होते. वसुबारसेला दोन दिवस होते. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि हॉस्टेलवरून एकटा न येता तीन रूम-पार्टनर घेऊन आला होता. कारण काय, तर त्यांच्या हॉस्टेलचं नेट रात्री अकराला बंद व्हायचं आणि ‘ब्लिझकॉन’ची ओपनिंग सेरेमनी आपल्याकडच्या रात्री साडेअकराला सुरू होणार होती. मावशीला वाटलं पोरं कॅम्पसच्या तयारीला बसली आहेत. तिने चिवड्याचा डबाच आत पाठवला.

ज्या सर-मॅडमना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लिझार्ड ही ‘वॉरक्राफ्ट’, ‘डायब्लो’, ‘स्टारक्राफ्ट’, ‘ओव्हरवॉच’ हे गेम बनवणारी अमेरिकन कंपनी. आपल्या चाहत्यांसाठी तिने 2005 मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला एक मेळावा भरवला. तोच ब्लिझकॉन. नवीन गेमची घोषणा, डेव्हलपर लोकांशी गप्पा, मॅचेस, वेशभूषा स्पर्धा आणि शेवटी एखाद्या मोठ्या बँडचा कार्यक्रम. 2014 ला चक्क मेटालिका होते. हॉलमध्ये माणसं मावतात तेवढीच तिकिटं, आणि ती काही मिनिटांत संपायची. मग उरलेल्यांसाठी 2008 मध्ये अमेरिकेत डायरेक्टीव्हीवर पैसे भरून बघायची सोय झाली, 2009 पासून इंटरनेटवरही. किंमत साधारण 40 डॉलर. हेच पुढे ‘व्हर्च्युअल तिकीट’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. 2017 पर्यंत ते 40 डॉलरच्या आसपासच राहिलं आणि 2018 ला एकदम 49.99 झालं. हॉलचं तिकीट त्या वर्षी 199 डॉलर होतं.

पन्नास डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेतीन हजारांच्या वर. दादाचं महिन्याचं मेसबिल त्याहून कमी होतं! चौघांनी कॉन्ट्री काढली, प्रत्येकी नऊशेच्या आसपास, आणि एकाच्या काकांच्या कार्डवरून पेमेंट झालं.

काका (म्हणजे दादाचे बाबा) रात्री पाणी प्यायला उठले आणि दारात उभे राहून म्हणाले, “तिकीट काढून बघायला जायचं असतं. घरी बसून कसलं रे तिकीट?” सगळे हसले. आज मला वाटतं त्या रात्रीतला सगळ्यात बरोबर प्रश्न त्यांचाच होता.

कारण बघा, त्या तिकिटात मिळत काय होतं? ओपनिंग सेरेमनी तर सगळ्यांना फुकट होती. मोठ्या मॅचेसही फुकट. पैसे होते ते डेव्हलपर लोकांच्या पॅनलचे, वेशभूषा स्पर्धेचे आणि शेवटच्या कार्यक्रमाचे. म्हणजे जे बघायला सर्वांत जास्त माणसं येतात ते फुकट, आणि ‘या तलवारीचं डिझाइन आम्ही कसं केलं’ हे ऐकायला पन्नास डॉलर. एरवी हे उलटं असतं ना? मॅचला तिकीट आणि नंतरची प्रेस कॉन्फरन्स फुकट!

आता मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी असल्यामुळे थोडं गणित करणं माझं कर्तव्य आहे. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला सेकंदाला 6 मेगाबिट लागतात असं धरू. म्हणजे तासाला 2.7 जीबी. दोन दिवसांत दहा-दहा तास डोळे फाडून बघितलं तर 54 जीबी. मोठ्या क्लाउड कंपन्यांचे किरकोळ गिऱ्हाइकाचे दर धरले, अ‍ॅमेझॉनचा अमेरिकेतला छापील दर जीबीला साडेआठ सेंट होता, तर झाले साडेचार डॉलर. घाऊक गिऱ्हाइकाला याच्याहून पुष्कळच स्वस्त पडतं. म्हणजे व्हिडिओ नाशिकपर्यंत पोचवायचा खर्च तिकिटाच्या दहाव्या भागाहूनही कमी. बाकी कॅमेरे, माणसं, लाइट, वेगवेगळ्या भाषांतले अनुवादक हा खर्च आहेच, नाही असं नाही. पण तो एकदाच होतो. बघणारे दहा हजार असोत की दहा लाख, कॅमेरामन तेवढेच.

आमच्या रूमवर यावर नेहमी येणारा युक्तिवाद असा : “हॉलचं तिकीट दोनशे, हे पन्नास, म्हणजे पाव किमतीत घरबसल्या मिळतंय, महाग कसं?” मला हे लॉजिक पटत नाही. हॉलचं तिकीट महाग असतं कारण खुर्च्या मोजक्या असतात. स्ट्रीमला खुर्च्या नसतातच. जे कधी संपत नाही त्याची किंमत, जे पाच मिनिटांत संपतं त्याच्याशी तुलना करून ठरवायची म्हणजे विहिरीच्या पाण्याचा भाव बाटलीवरून ठरवण्यासारखं आहे.

2009 ची गोष्ट वेगळी होती हेही मान्य करायला पाहिजे. तेव्हा ट्विच नव्हतं (ते 2011 ला आलं), नेटवरून हजारो लोकांना एकाच वेळी स्वच्छ व्हिडिओ दाखवणं हे खरंच खर्चाचं आणि कटकटीचं काम होतं. तेव्हाचे 40 डॉलर मला फारसे खटकत नाहीत. खटकतं ते हे, की पुढच्या नऊ वर्षांत पोचवण्याचा खर्च उतरत गेला आणि तिकीट उतरायच्या ऐवजी चढलं.

मग लोक घेत का होते? याचं उत्तर मला पॅनलमध्ये मिळालं नाही, दादाच्या मित्रांच्या भांडणात मिळालं.

झालं असं. तिकिटाबरोबर गेममधल्या काही वस्तू मिळायच्या. कुठल्या वर्षी एखादा पाळीव प्राणी (2009 ला ‘ग्रंटी’ नावाचा एक बेडकासारखा सैनिक होता, अजून लोक त्याच्या आठवणी काढतात), कुठल्या वर्षी उडतं वाहन. 2018 ला ओव्हरवॉचमध्ये सोम्ब्रा नावाच्या पात्राचा ‘डीमन हंटर’ पोशाख होता. पण तिकीट एका अकाउंटला जोडलेलं. व्हिडिओ चौघांनी एका मॉनिटरवर बघितला, चिवडा पाच जणांनी खाल्ला (मीही होते), पण पोशाख मिळाला एकालाच, ज्याच्या अकाउंटवर तिकीट होतं त्याला. पहाटे तीन वाजता उरलेल्या दोघांनी आपापले नऊशे रुपये परत मागितले. कोणी असं नाही म्हणालं की “मी पॅनल बघितलं, माझे पैसे वसूल.” पोरं दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून गेली. त्यातले दोघे पुढचं अख्खं सेमिस्टर एकमेकांशी बोलले नव्हते, असं दादा सांगतो.

म्हणजे पन्नास डॉलर व्हिडिओचे नव्हतेच! ते पोशाखाचे होते, ‘मी त्या वर्षी होतो’ हे पुढे चारचौघांत दाखवण्याचे होते. व्हिडिओ हा वर मिळालेला कढीपत्ता. एक अपवाद मात्र मी करीन. त्याच वर्षी तिकीट घेणाऱ्यांना जुन्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा, म्हणजे क्लासिकचा, डेमो घरून खेळायला दिला होता. वेळेची मर्यादा होती, पण हॉलमधला माणूस जे करत होता ते तुम्ही घरी करत होता. याला मी तिकीट म्हणीन.

आणि हे माझं एकटीचं मत नाही, कंपनीनेच पुढे ते सिद्ध केलं. 2019 ला तिकीट परत 49.99 होतं. 2020 चा मेळावा कोविडमुळे रद्द झाला. फेब्रुवारी 2021 मध्ये तो फक्त ऑनलाइन झाला आणि स्ट्रीम सगळ्यांना फुकट! वस्तूंचे गठ्ठे वेगळे विकायला ठेवले, 20, 40 आणि 60 डॉलरचे. 2023 ला हॉल भरला, तिकीट 299 डॉलरवर गेलं, तरी स्ट्रीम फुकटच आणि वस्तू वेगळ्या. 2024 ला आणि 2025 ला मेळावा झाला नाही, आणि पुढचा 2026 च्या सप्टेंबरसाठी जाहीर झाला. म्हणजे एक तप ज्याला ‘बघण्याची किंमत’ म्हणत होते, त्यातून वस्तू बाजूला काढल्यावर बघण्याची किंमत उरली शून्य.

(फुकटची एक गंमत सांगते. 2021 ला मेटालिका परत वाजवत होते, तेव्हा ट्विचच्याच एका चॅनेलवर कॉपीराइटच्या भीतीने त्यांचा आवाज काढून त्या जागी कसलंतरी बाळबोध टिंगटिंग संगीत लावलं होतं. पडद्यावर मेटालिका घाम गाळतंय आणि ऐकू येतंय पाळण्यावरच्या खेळण्याचं गाणं! बँडचे हक्क फुकट मिळत नाहीत, हे लक्षात ठेवायला हे उदाहरण बरं आहे.)

तरीसुद्धा ‘सगळं फुकट द्या’ असं मी म्हणणार नाही. फुकट बघणारा हा गिऱ्हाईक राहत नाही, तो जाहिरातीचा प्रेक्षक होतो. 2018 चीच गोष्ट घ्या. त्या रात्री मोठी घोषणा म्हणून ‘डायब्लो इमॉर्टल’ आला, फोनवर खेळायचा. हॉलमधल्या लोकांनी हुर्यो केली, एकाने तर माइकवर विचारलं की ही अवेळी केलेली एप्रिल फूलची थट्टा आहे का. स्टेजवरून उलट विचारणा झाली की तुमच्याकडे फोन नाहीत का! हा राग पैसे भरलेल्या माणसाचा होता. पैसे भरले की ओरडायचा हक्क येतो, आणि तो हक्क मला महत्त्वाचा वाटतो. गंमत म्हणजे आमच्या खोलीत त्या घोषणेला कोणी हुर्यो केली नाही. तेव्हा अख्खा महाराष्ट्र फोनवर पबजी खेळत होता. चौघांपैकी दोघांकडे तर स्वतःचा पीसीच नव्हता. त्यांच्यासाठी आठ तासांतली तीच एक बातमी कामाची होती. आणि ती होती फुकटच्या भागात!

यावरून आणखी एक मुद्दा. स्टीमने 2015 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे रुपयात किमती दाखवायला सुरुवात केली आणि बरेच गेम अमेरिकेपेक्षा स्वस्त मिळू लागले. म्हणजे देशाप्रमाणे किंमत बदलणं अशक्य नाही. अमेरिकेत पन्नास डॉलर म्हणजे वॉरक्राफ्टच्या महिन्याच्या वर्गणीच्या तिपटीहून थोडे जास्त. आपल्याकडे ते मेसबिल. एकच आकडा दोन्हीकडे ‘सारखा’ असेल, पण योग्य नसतो.

आता हे सगळं पुराण मी का लावलं? कारण या वर्षी आपल्या टेक-फेस्टच्या गेमिंग फायनलच्या स्ट्रीमला आपण पन्नास रुपये लावले. मी स्ट्रीमिंग टीममध्ये होते, आणि मीटिंगमध्ये मीही हात वर केला होता, हेही लिहून टाकते. जेमतेम तीसेक लोकांनी पैसे भरले. नंतर यादी बघितली तर त्यातले बहुतेक पास-आउट सीनियर्स, पुण्यात नाहीतर बंगलोरला नोकरीला असलेले. हॉस्टेलवाल्यांनी एकाने लिंक काढली आणि दोन्ही ब्लॉक्सच्या ग्रुपवर टाकली. रेक्टर सरांनी मेसमध्ये यावरून जे सुनावलं ते सगळ्यांना आठवत असेलच. सरांचा ‘चोरी ती चोरी’ हा पॉइंट मला मान्य आहे. पण जी मुलं पोर्टेबल स्पीकर लावून कॉरिडॉरमध्ये घोळक्याने बघत होती, ती पन्नास रुपये वाचवत होती असं मला वाटत नाही. आपल्याच हॉस्टेलची पोरं खेळत असताना ते बघायला पैसे का, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

डोटाच्या ‘इंटरनॅशनल’ स्पर्धेने 2013 मध्ये एक वेगळी पद्धत काढली होती. मॅचेस सगळ्यांना खुल्या. ज्याला हवं त्याने 9.99 डॉलरचं एक डिजिटल पुस्तक घ्यायचं, त्यातले अडीच डॉलर सरळ बक्षिसाच्या रकमेत. मूळ 16 लाख डॉलरचं बक्षीस त्या वर्षी 28 लाखांच्या पुढे गेलं. पैसे देणाऱ्याला माहीत होतं की आपले पैसे कुठे गेले.

आपल्याकडे पुढच्या वर्षी हेच करावं असं माझं म्हणणं आहे. लिंक उघडी ठेवा. पास-आउट लोकांकडून शंभर घ्या, त्यांचं नाव आणि बॅच स्कोअरबोर्डच्या खाली फिरवत ठेवा, आणि अर्धे पैसे विजेत्या टीमला द्या. यादीतल्या सहा-सात सीनियर्सना मी फोन करून विचारलं, त्यातले पाच ‘हो’ म्हणाले. एकाने विचारलं, “टी-शर्ट देणार का?” त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. हिशोबाची वही माझ्याकडे आहे, नवीन कमिटीने मागून घ्यावी. आणि दादाच्या ज्या मित्राकडे तो सोम्ब्राचा पोशाख आहे, त्याने उरलेल्या दोघांना प्रत्येकी नऊशे रुपये दिले. यंदाच्या जूनमध्ये, स्वतःच्या लग्नाच्या आमंत्रणासोबत!